चर्च, मिस्सा आणि धर्मग्राम: वसईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी वसई तालुक्यातल्या एका धर्मग्रामात (म्हणजे पॅरिशमध्ये, एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी पॅरिश ऑफिसात बसते. खाली लिहिलेले प्रश्न तिथे खिडकीशी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटल्यावर पायऱ्यांवर, कधी बाजारात मासळी घेताना लोकांनी मला विचारलेले आहेत. बरेचजण विचारतानाच आवाज बारीक करतात, म्हणतात "आता या वयात हे विचारणं बरं दिसत नाही." मला वाटतं चर्चपासून लोक लांब जातात त्यात श्रद्धा गेली म्हणून जाणारे थोडे आणि लाज वाटली म्हणून जाणारे जास्त असतात. म्हणून सगळं एकदा लिहून काढलं.

आम्ही वसईत नवीन आलोय, फ्लॅट घेतलाय. आमचं चर्च कुठलं?

तुमची बिल्डिंग ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत येते ते तुमचं. कॅथलिक धर्मग्राम हद्दीवर चालतो, म्हणजे मिस्सा तुम्ही कुठेही ऐकू शकता, पापडीच्या कॅथेड्रलला जा, रमेदीला जा, नंदाखालला जा, पण बाप्तिस्मा, लग्न, दफन, दाखले यासाठी तुमचं नाव एका ठिकाणी असलं पाहिजे. जवळच्या चर्चच्या ऑफिसात जाऊन पत्ता सांगा, ते सांगतील तुम्ही आमच्याकडे की शेजारच्या धर्मग्रामात. एक फॉर्म भरून द्यायचा, घरातल्या सगळ्यांची नावं, कोणाचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला, लग्न कुठे झालं, एवढंच.

हे काम पहिल्या महिन्यातच करा. आमच्याकडे लोक सात-आठ वर्षं राहतात, दर रविवारी येतात, आणि नाव नोंदवायला तेव्हा येतात जेव्हा घरात मयत झालेलं असतं. त्या दिवशी फॉर्म भरायला लावणं आम्हालाही नको वाटतं.

वसई धर्मप्रांत म्हणजे काय? आधी आपण मुंबईत होतो ना?

धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या हाताखालचे सगळे धर्मग्राम. आणि हो, आधी आपण मुंबईतच होतो. २२ मे १९९८ ला मुंबई महाधर्मप्रांतातून वसई वेगळा झाला. वसईच्या खाडीच्या उत्तरेला, म्हणजे वसई, विरारपासून वर पालघर, डहाणू, जव्हारपर्यंत. पहिले बिशप थॉमस डाबरे, मग फेलिक्स मच्याडो, आणि २०२४ पासून थॉमस डिसोजा.

मी ख्रिस्ती नाही. मैत्रिणीबरोबर एकदा मिस्साला यायचंय, चालेल?

चालेल म्हणजे काय, या. दार उघडंच असतं आणि कोणी ओळखपत्र विचारत नाही. मागच्या बाकावर बसा म्हणजे सगळे कधी उभे राहतात, कधी गुडघे टेकतात ते दिसतं. गुडघे टेकायला नको वाटलं तर शांत बसून राहा, कोणी वाईट वाटून घेत नाही. कपडे नेहमीचे, नीटनेटके, मोबाईल सायलेंट.

फक्त कम्युनियनच्या वेळी लोक रांगेने पुढे जातात तेव्हा तुम्ही जागेवरच थांबा. यात तुम्हाला परकं मानायचा हेतू नाही. त्या वेळी देतात ती पातळ भाकर म्हणजे ओस्ती, आमच्यासाठी ती ओस्ती हा प्रसाद नसतो, ते ख्रिस्ताचं शरीर आहे असं आम्ही मानतो, आणि ते घेणं म्हणजे "मी हे सगळं मानतो" असं सगळ्यांसमोर म्हणणं. कितीतरी वेळा असं होतं की पाहुणे माणसं रांग बघून प्रसादाची असेल म्हणून प्रेमाने हात पुढे करतात, आणि मग कम्युनियन देणाऱ्या मिनिस्टरने काही विचारलं की बिचारी ओशाळतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. आशीर्वाद हवा असेल तर बऱ्याच ठिकाणी छातीवर हात आडवे दुमडून पुढे गेलं की फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, पण सोबतच्या मैत्रिणीला विचारून घ्या.

मिस्सात नक्की काय काय असतं? मला तर सगळं सारखंच वाटतं.

दोन मोठे भाग धरा. पहिला वचनाचा आणि दुसरा वेदीचा. सुरुवातीला आपण पापांची कबुली देतो, मग वाचनं. रविवारी पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातलं, मग स्तोत्र, मग दुसरं वाचन, आणि मग सगळे उभे राहतात ते शुभवर्तमानासाठी, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रातल्या वाचनासाठी. कपाळावर, ओठांवर, छातीवर अंगठ्याने छोटा क्रूस काढतात तो याच वेळी, वचन डोक्यात राहावं, तोंडात यावं, काळजात उतरावं म्हणून. मुलांना मी हे शिकवते तेव्हा ती इतक्या मन लावून तीन क्रूस काढतात की बघत राहावं. मग प्रवचन, श्रद्धेची कबुली, आणि लोकांच्या प्रार्थना.

दुसऱ्या भागात भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतात, फादर येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी म्हटलेले शब्द म्हणतात, घंटा वाजते, मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा', एकमेकांना शांती देणं, कम्युनियन, आशीर्वाद.

सारखंच वाटतं म्हणता, पण वाचनं बदलत असतात. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आहे, एका वर्षी मुख्यतः मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक, आणि योहान मधेमधे, जास्त करून ईस्टरच्या काळात. आणि जगातल्या कुठल्याही लॅटिन विधीच्या, म्हणजे आपल्यासारख्या रोमन परंपरेच्या, चर्चमध्ये त्या रविवारी साधारण हीच वाचनं असतात. माझी बहीण दुबईत नोकरीला आहे, २०२२ च्या आधी तिथे सुट्टी शुक्रवारी असायची तेव्हा ती शुक्रवारी मिस्साला जायची, तरी फोनवर आम्ही त्याच शुभवर्तमानाबद्दल बोलायचो. घरापासून लांब राहणाऱ्याला यात किती आधार असतो ते तिच्याकडून कळलं मला.

एक सल्ला, शनिवारी रात्री उद्याची वाचनं एकदा घरात मोठ्याने वाचून घ्या. दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी कान आपोआप उघडे राहतात.

फादर कधी हिरवे कपडे घालतात, कधी जांभळे, का?

काळाप्रमाणे. आगमनकाळ (नाताळाच्या तयारीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस) जांभळा, नाताळ, ईस्टर आणि मोठ्या सणांना पांढरा, पेंटेकॉस्ट (पवित्र आत्म्याचा सण), गुड फ्रायडे आणि रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या, संतांना लाल, बाकी सामान्य काळात हिरवा. वर्षातून दोनच रविवार गुलाबी असतो, एक आगमनकाळात आणि एक उपवासकाळात.

मराठी मिस्साला जावं की इंग्लिश? मुलं म्हणतात मराठी कळत नाही.

याच्यावर मी जरा लांब बोलणार आहे कारण मला हा प्रश्न टोचतो.

आमच्या आजी-आजोबांच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. लोक आपापली जपमाळ ओढत बसायचे आणि घंटा वाजली की कळायचं काय चाललंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकांच्या भाषेला वाट मोकळी झाली, मग वसईत वेदीवरून मराठी ऐकू यायला लागली. आपल्या भाषेत पहिल्यांदा मिस्सा ऐकली तेव्हा रडायला आलं असं सांगणारी म्हातारी माणसं अजून आमच्या धर्मग्रामात आहेत. घरात सामवेदी बोलणारे, वाडवळी बोलणारे, कोळीवाड्यातले, सगळे प्रार्थनेला मराठीत एकत्र येतात. आणि ही मराठी काही उसनी नाही, २०२० साली उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईतल्याच नंदाखालचे, 'सुवार्ता' मासिकाचे कितीतरी वर्षं संपादक.

आता मुलं इंग्लिश शाळेत जातात, तुम्ही जबरदस्ती करू नका, मिस्सा इंग्लिशमध्ये असो की कोकणीत की मल्याळममध्ये, तीच मिस्सा आहे. पण एवढं करा, रात्रीची प्रार्थना घरात मराठीत ठेवा. आजी आजारी पडते, हॉस्पिटलात तिच्या उशाशी नातवंडं बसलेली असतात आणि तिला तिच्या भाषेत एक 'नमो मरिया' म्हणून दाखवायला कोणाला येत नाही, असं मी पाहिलंय. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरतात का?

धरतात. शनिवार संध्याकाळच्या मिस्साने रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. आजारी असाल, तान्हं बाळ असेल, घरी कोणाची देखभाल करायची असेल, ड्युटी सुटतच नसेल तर मिस्सा चुकली म्हणून पाप लागलं असं मनाला लावून घेऊ नका. टीव्हीवर किंवा यूट्यूबवर मिस्सा बघणं आजाऱ्याला आधार देतं, पण धडधाकट माणसाने त्याची सवय लावून घेऊ नये, कोविडनंतर काही घरांत ती सवय राहिली ती राहिलीच.

कम्युनियन घ्यायच्या आधी किती वेळ उपाशी राहायचं?

एक तास. पाणी आणि औषध चालतं. म्हातारी आणि आजारी माणसं, आणि त्यांची सेवा करणारे, यांना ही अट नाही. हातावर घ्या किंवा जिभेवर, दोन्ही चालतं, हातावर घेतली तर तिथेच तोंडात घालायची, जागेवर घेऊन जायची नाही.

पंधरा वर्षांत कन्फेशनला, फादरजवळ पापं कबूल करायला, गेलो नाही. आता कुठल्या तोंडाने जाऊ?

याच तोंडाने जा. हा प्रश्न विचारणारा माणूस अर्धा रस्ता चालून आलेला असतो.

आत गेल्यावर काय म्हणायचं ते विसरलोय, ही सगळ्यात मोठी भीती असते. क्रूसाची खूण करा आणि सरळ सांगा, "फादर, पंधरा वर्षांनी आलोय, मला नीट आठवत नाही, मदत करा." बस. पुढचं फादर विचारत विचारत घेतात. पापांची यादी पाठ करून जायला लागत नाही पण आदल्या रात्री थोडं शांत बसून मनात आठवणी चाळा, कोणाला दुखावलं, काय लपवलं, कुणाशी बोलणं टाकलंय. गंभीर गोष्टी असतील त्या लपवायच्या नाहीत, बारीकसारीक सगळं आठवलं नाही तरी चालतं. फादर थोडं बोलतील, एखादी प्रार्थना किंवा काम प्रायश्चित्त म्हणून देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, येत नसेल तर स्वतःच्या शब्दांत, आणि मग ते पापक्षमा देतात.

फादर बाहेर कोणाला सांगतील का, हेही विचारतात लोक, विशेषतः छोट्या गावात जिथे फादर सगळ्यांना ओळखतात. नाही सांगत. पोलिसांनी विचारलं, बिशपनी विचारलं, तरी नाही. ही गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात सगळ्यात कडक शिक्षा आहे. तरीही अवघडल्यासारखं होत असेल तर दुसऱ्या धर्मग्रामात जा, तुमच्या फादरना त्याचं काही वाटणार नाही.

ईस्टर आणि नाताळच्या आधी बाहेरचे चार-सहा धर्मगुरू बोलावून कन्फेशन ठेवतात, गर्दी खूप असते. ज्याला निवांत बोलायचंय त्याने त्या गर्दीत येऊ नये, एखाद्या साध्या आठवड्यात फोन करून वेळ मागावी. माझ्या ओळखीतले एक काका तब्बल बावीस वर्षांनी गेले, बाहेर आले ते मागच्या बाकावर जवळजवळ तासभर बसून होते, आणि मग घरी जाऊन भावाला फोन केला, ज्याच्याशी जमिनीवरून बोलणं बंद होतं.

जपमाळ कशी म्हणतात? कोणत्या दिवशी कोणती रहस्यं?

रहस्यं म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग. सोमवार आणि शनिवार आनंदाची, मंगळवार आणि शुक्रवार दुःखाची, बुधवार आणि रविवार गौरवाची, गुरुवार प्रकाशाची. ही प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, म्हणून जुन्या पुस्तकात ती सापडत नाहीत. प्रत्येक रहस्याला एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा', दहा 'नमो मरिया', एक 'पित्याला गौरव असो', अशी पाच रहस्यं.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, त्या महिन्यात आमच्याकडे मूर्ती घरोघर फिरते, आज या घरी, उद्या शेजारच्या घरी, आणि सगळी आळी संध्याकाळी त्या घरी जमते. बिल्डिंगमधल्या नवीन कुटुंबांनी याची वाट बघावी, कारण शेजारी ओळखायचा याच्याइतका सोपा मार्ग नाही. चहा-बिस्किटांपेक्षा जास्त काही करू नका असं आम्ही सगळ्यांना सांगतो, एकाने मोठा नाश्ता ठेवला की पुढच्या घरावर ओझं पडतं आणि मग गरीब घरातली बाई मूर्ती घ्यायलाच नको म्हणते.

बाळाचा बाप्तिस्मा करायचाय. काय काय लागतं?

बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचा चर्चचा दाखला, आणि गॉडपेरेंट्स ठरवा. एक गॉडफादर किंवा एक गॉडमदर पुरतो, दोघं हवे असतील तर एक पुरुष एक स्त्री. ते कॅथलिक असावे, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालेलं असावं, साधारण १६ वर्षं पूर्ण असावीत, आणि आईवडील स्वतः गॉडपेरेंट होऊ शकत नाहीत. त्याआधी आईवडील आणि गॉडपेरेंट्ससाठी एक तयारीचा वर्ग असतो, तो चुकवू नका.

गॉडफादर कोणाला करायचं यावर घराघरांत रुसवेफुगवे होतात, मोठ्या दिराला मान की भावाला. मी एवढंच विचारते, पुढे पंधरा वर्षांनी हा मुलगा बिघडायला लागला तर त्याला हाताला धरून बाजूला घेऊन बोलेल असा कोण आहे? त्याला करा.

बाळ हॉस्पिटलात अत्यवस्थ असेल आणि फादर पोहोचेपर्यंत वेळ नसेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्ससुद्धा. डोक्यावर पाणी ओतत म्हणायचं, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." मग ऑफिसात येऊन नोंद करा.

आणि हो, बाप्तिस्म्याची नोंद ज्या चर्चमध्ये झाला तिथेच कायम राहते. दृढीकरण, लग्न, सगळं पुढे त्याच नोंदीच्या बाजूला लिहिलं जातं. म्हणून लग्नाच्या वेळी तुमच्याकडे जुना पिवळा पडलेला दाखला असला तरी नवीन काढून आणा म्हणतात, साधारण सहा महिन्यांच्या आतला. कटकट करायची म्हणून नाही, त्यावरून कळतं की आधी कुठे लग्न झालेलं नाही.

मुलगी हिंदू मुलाशी लग्न करतेय. चर्चमध्ये लग्न होईल का? त्याला धर्म बदलावा लागेल का?

होऊ शकतं, आणि धर्म बदलावा लागत नाही. हे मी ठळक सांगते कारण दोन्हीकडच्या नातेवाइकांत उलटसुलट ऐकीव गोष्टी फार असतात. बिशपांकडून खास परवानगी काढावी लागते, ती फादरच अर्ज करून आणतात. कॅथलिक बाजूने वचन द्यायचं असतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा माझ्या परीने पूर्ण प्रयत्न करीन, आणि हे वचन दुसऱ्या बाजूला माहीत असलं पाहिजे, लपवाछपवी नको. विधी बहुतेक मिस्साशिवाय होतो, वाचन, प्रार्थना, शपथा.

किमान तीन महिने आधी या. लग्नपूर्व तयारीचा कोर्स, दोघांची वेगवेगळी मुलाखत, तीन रविवार चर्चमध्ये नावांची घोषणा, याला वेळ लागतो. हॉल बुक करून, पत्रिका छापून मग फादरकडे येणारे लोक आहेत आणि मग ऑफिसात रडारड होते.

आणि कोर्टात लग्न होऊन गेलं असेल, चर्चमध्ये झालं नसेल, म्हणून कम्युनियन घेता येत नाही आणि म्हणून चर्चलाच यायचं सोडलं, असं असेल तर कृपा करून एकदा फादरना भेटा. बऱ्याच जोडप्यांचं प्रकरण सरळ करता येतं, त्यांना ते माहीतच नसतं. आणि ते होईपर्यंतसुद्धा मिस्साला येऊन बसायला कोणी अडवलेलं नाही.

उपवासकाळात काय पाळायचं?

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, हे दोन दिवस उपवास आणि मांसवर्ज्य. उपवास म्हणजे एक वेळ पोटभर आणि दोन वेळा थोडंसं. १८ ते ५९ वयाच्या लोकांना उपवास, १४ च्या पुढे सगळ्यांना मांसवर्ज्य. गरोदर बायका, आजारी माणसं, शुगरचे पेशंट यांनी उगाच उपवास धरून चक्कर येऊन पडू नये. मासे चालतात, पण आम्ही वसईकर, बोंबील आणि पापलेट समोर ठेवून मांस सोडलं म्हणणं मला पटत नाही, त्या दिवशी वरणभात खावा आणि मासळीचे पैसे वेगळे काढून गरजूला द्यावेत.

कपाळाला लावतात ती राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. म्हणून झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) मिळालेली झावळी किंवा तिचा विणलेला क्रूस वर्षभर घरातल्या क्रूसाच्या मागे ठेवा, कचऱ्यात टाकू नका, पुढच्या उपवासकाळाच्या आधी चर्चमध्ये आणून द्या.

शुक्रवारी क्रूसाची वाट असते, १४ स्थानं. पवित्र आठवड्यात गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार रात्र हे तीन विधी एकच लांब प्रार्थना आहे असं समजा. गुरुवारी फादर लोकांचे पाय धुतात, मग रात्री उशिरापर्यंत आराधना. गुरुवारच्या गौरवगीतानंतर घंटा गप्प होतात, त्याऐवजी लाकडाचा टकटक आवाज करतात. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही, वर्षातला तो एक वेगळाच दिवस, वेदी उघडी, कापडसुद्धा नाही. आणि मग शनिवारी रात्री बाहेर अंधारात अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि अंधारलेलं सगळं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) त्या छोट्या ज्योतींनी भरून जातं, मग घंटा पुन्हा वाजतात. ज्यांनी नुसती ईस्टरच्या रविवारची सकाळ पाहिलीय त्यांनी एकदा तरी ही रात्र चुकवू नये. विधी लांब असतो, लहान मुलांना दुपारी झोपवून आणा.

नाताळची मिस्सा मध्यरात्री का नसते हल्ली?

उघड्यावर मिस्सा असते तिथे रात्री १० नंतर लाऊडस्पीकरची अडचण येते, शिवाय म्हाताऱ्यांना थंडी सोसत नाही, म्हणून काही ठिकाणी लवकर ठेवतात. आपल्या चर्चची वेळ बोर्डावर बघा.

संत गोन्सालो गार्सिया वसईचे होते हे खरं का?

खरं. वसईत जन्मले, आई इथलीच, वडील पोर्तुगीज. जपानला गेले, आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला आणखी २५ जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. गासचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे सांगितलं की मुलं आधी विचारतात "आपल्या वसईचे?" आणि मग ताठ बसतात.

मयतासाठी मिस्सा घालायचीय. किती पैसे?

ऑफिसात तारीख, नाव आणि कारण सांगा, साधारण देणगी किती ते बोर्डावर असते. मिस्सा विकत घेता येत नाही हे मनात पक्कं असू द्या, ती रक्कम म्हणजे तुमचं अर्पण. पैसे नसतील तर तसं सांगा, पैसे नाहीत म्हणून कोणाच्या आईसाठी मिस्सा झाली नाही असं होता कामा नये. आणि हे फार थोड्यांना माहीत असतं, दर रविवारी आणि मोठ्या सणांना प्रमुख धर्मगुरूने एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायचीच असते, त्यासाठी कोणाचं काही घ्यायचं नाही. म्हणजे तुमचं नाव कोणी वाचलं नाही तरी त्या मिस्सात तुम्ही आहातच.

घरात मयत झालं तर आधी काय करायचं?

फादरना किंवा ऑफिसला फोन, आणि आपल्या आळीच्या लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखाला फोन. बाकी धावपळ तो समूह बघतो, डॉक्टरचा दाखला, कबर, शवपेटी, बँड हवा की नको, फुलं, बाहेरगावच्या नातेवाइकांना कळवणं. पूर्वी देवळाची घंटा ऐकून गावाला कळायचं की कोणीतरी गेलं, आता व्हॉट्सअॅपवर येतं, पण लोक जमतात तसेच.

दहन चालतं का विचारतात. १९६३ पासून चर्चने मनाई काढली आहे, फक्त अस्थी विखरून टाकायच्या नाहीत किंवा घरी ठेवायच्या नाहीत, पवित्र जागी ठेवायच्या. आत्महत्येने गेलेल्या माणसाचा दफनविधी होतो का, हाही प्रश्न येतो, कधी रात्री उशिरा, रडत. होतो. फादर येतात, मिस्सा होते, प्रार्थना होते. त्या घराला तुम्ही सगळ्यांत आधी जा आणि कारण विचारू नका.

लघु ख्रिस्ती समूह म्हणजे काय? आम्हाला वेळ नसतो.

तुमच्या आसपासची वीस-तीस घरं. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, शुभवर्तमान वाचायचं, त्यावर साधं बोलायचं, आणि मग कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाची नोकरी गेली, कोणती म्हातारी एकटी राहते ते एकमेकांना सांगायचं. हजारो लोकांच्या धर्मग्रामात फादर प्रत्येक घरी पोहोचू शकत नाहीत, शेजारी पोहोचू शकतो. विरारहून चर्चगेटला लोकलने जाऊन रात्री नऊला घरी येणाऱ्याला वेळ नसतो हे मला कळतं, माझा नवराही त्यातलाच. पण महिन्यातला एक तास.

ज्यांना आणखी काही करायचंय त्यांच्यासाठी क्वायर आहे, वाचक आहेत, वेदीसेवक मुलं-मुली आहेत, लिजन ऑफ मेरी आहे, युवकांचा ग्रुप आहे. मला स्वतःला सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम सगळ्यात जवळचं वाटतं, १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या कॉलेजच्या मुलाने मित्रांबरोबर सुरू केलेलं. ही माणसं गरिबाच्या घरी स्वतः जातात, धान्य, औषधं, शाळेची फी देतात, आणि कोणाला काय दिलं ते बाहेर बोलत नाहीत. देऊळ सुटताना दारात त्यांची पेटी असते.

आई अंथरुणाला खिळलीय, मिस्साला येऊ शकत नाही. फादर घरी येतील का?

येतील. बहुतेक धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेतात, आणि मधल्या रविवारी मिस्सानंतर मिनिस्टर घेऊन जातात. ऑफिसात आईचं नाव, पत्ता, मजला, लिफ्ट आहे की नाही हे लिहून द्या.

आजाऱ्याचा तैलाभ्यंग मात्र शेवटच्या श्वासापर्यंत लांबवू नका. फादर तेल घेऊन आले म्हणजे आता माणूस जाणार, या भीतीने घरचे बोलवत नाहीत आणि मग पेशंट बेशुद्ध असताना धावत येतात. तो संस्कार आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून आहे, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, म्हातारपणी अशक्तपणा वाढला की, कधीही घेता येतो, पुन्हाही घेता येतो. आई शुद्धीवर असताना घ्या, तिला स्वतःच्या तोंडाने 'आमेन' म्हणू द्या.

ज्या दिवशी येणार त्या दिवशी आईच्या बाजूला छोटं टेबल, त्यावर पांढरं धुतलेलं कापड, क्रूस, एक मेणबत्ती, ग्लासभर पाणी. टीव्ही बंद. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा, ओस्तीचा अगदी बारीक तुकडा देतात. घरातले सगळे त्या दहा मिनिटांत तिच्याजवळ बसा, नोकरीवर उशिरा गेलात तरी चालेल.

पहिल्या शुक्रवारची नावं आम्ही बुधवारी संध्याकाळपर्यंत घेतो.